गुलामीचं नाव फेकून दिलेली बाई मंगळावर

मंगळाच्या जमिनीवर चाललेलं पहिलं यंत्र एका काळ्या बाईचं नाव घेऊन चाललं. ही बाई गुलाम म्हणून जन्मली. नऊएक वर्षांची असताना मेंढरांच्या कळपाबरोबर शंभर डॉलरला विकली गेली. पुढे गुलामीतलं नाव तिनं फेकून दिलं आणि स्वतःचं बारसं स्वतः केलं. सोजर्नर ट्रुथ. सोजर्नर म्हणजे मुक्कामापुरती थांबणारी आणि पुढे चालू लागणारी वाटसरू. ट्रुथ म्हणजे सत्य.

आपल्याला आर्मस्ट्राँग पाठ आहे. ही बाई आपल्याला कुणी सांगितली नाही. म्हणून हा लेख.

मित्रांनो, कुठलंही यान कुठंही उतरलं की आपल्या कट्ट्यावर दोन आवाज निघतात. एक म्हणतो, "आपल्याला काय त्याचं? इथं नळाला पाणी नाही आणि हे मंगळावर पाणी शोधायला निघाले." दुसरा फटाके लावतो, पेढे वाटतो, आणि कुणी प्रश्न विचारला की डोळे वटारतो. दोघांनाही एक साधी गोष्ट विचारावीशी वाटत नाही. त्या यानाचं नाव कुणी ठेवलं? का ठेवलं? आणि ज्याचं नाव ठेवलं त्याच्या माणसांचं पुढं काय झालं?

नाव ठेवण्याचा हक्क ही सत्ता आहे. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्या आजोबांना गावात पुऱ्या नावानं कुणी हाक मारली नाही. जन्मभर 'अरे' आणि 'ए' ऐकून ती माणसं मातीत गेली. त्यांच्या नातवंडांनी नावाची चर्चा फालतू म्हणून उडवून लावायची, म्हणजे कमाल झाली.

पण आधी यंत्र समजून घेऊ. यंत्र न कळता त्याच्यावर बोलणं म्हणजे नुसतं भाषण, आणि भाषणं आपण पुष्कळ ऐकली.

नासानं मार्स पाथफाइंडर नावाचं यान ४ डिसेंबर १९९६ ला सोडलं. सात महिन्यांनी, ४ जुलै १९९७ ला ते मंगळाशी पोचलं. वातावरणात शिरताना त्याचा वेग होता सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर. म्हणजे दादरहून ठाणं चार सेकंदांच्या आत. हा वेग मारायचा कसा? मंगळाच्या हवेचा दाब पृथ्वीच्या हवेच्या दाबाच्या एक टक्काही नाही. म्हणजे हवा जाळायला पुरते, पण थोपवायला पुरत नाही. आधी उष्णतेची ढाल तापून लाल झाली. मग हवाई छत्री उघडली. ढाल गळून पडली. यान वीस मीटर लांब दोरीवर छत्रीखाली लोंबकळलं. जमीन जवळ आली तशा चारी बाजूंनी हवेच्या पिशव्या फुगल्या, वरून रॉकेटं पेटली, दोरी तुटली आणि यान धाडकन खाली पडलं. पडलं ते चेंडूसारखं उसळलं. पहिल्याच उसळीत पंधराएक मीटर वर, चारपाच मजल्यांची इमारत असते तेवढं. किमान पंधरा वेळा आदळून, गडगडत जाऊन ते थांबलं, ते पहिल्या आदळण्यापासून साधारण एक किलोमीटर लांब. एरीस व्हॅलिस नावाच्या खोऱ्यात, मंगळावरच्या अंधाऱ्या पहाटे.

पृथ्वीवरून मदतीची काही सोयच नव्हती. तिथला रेडिओ संदेश इथं यायला दहा मिनिटांहून जास्त वेळ लागत होता, आणि उतरण्याचा सगळा खेळ पाचेक मिनिटांचा. कॅलिफोर्नियात जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत बसलेल्या माणसांना 'यान वातावरणात शिरलं' हे कळलं, तोवर तिकडे जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. यान शाबूत होतं किंवा त्याचा चुराडा झाला होता. बातमी तेवढी वाटेत होती. उतरणारं यान असं एकटं असतं. आधी शिकवलेलं जेवढं त्याच्या पोटात, तेवढ्यावर त्याला निभावून न्यावं लागतं.

यान शाबूत होतं. पण पोटातली गाडी लगेच बाहेर येईना. फुगलेली एक पिशवी नीट आत ओढली गेली नव्हती, ती उतारावर अडथळा करून बसली. मग गाडीचं आणि यानाचं बोलणं जमेना. हे सगळं निस्तरून कॅलिफोर्नियाच्या घड्याळात ५ जुलैची रात्र झाली तेव्हा गाडी उतारावरून खाली आली. सहा चाकं. वजन साडेदहा किलो. लांबी ६५ सेंटिमीटर. पाठीवर उन्हातून वीज करणारा पत्रा. वेग सेकंदाला एक सेंटिमीटर. सात दिवस चालली तरी पैसे वसूल, असा हिशेब होता. ती मंगळाचे ८३ दिवस चालली. एकूण अंतर शंभरेक मीटर. एकेका दगडाला नाक लावून तो कशाचा बनलाय हे तिनं सांगितलं. २७ सप्टेंबर १९९७ ला यानाचा पृथ्वीशी शेवटचा संपर्क झाला.

या गाडीचं नाव सोजर्नर.

आता हे नाव आलं कुठून ते बघा. यानांना नावं बहुतेक वेळा वरून मिळतात. नासाची जुनी यादी काढा. मरिनर, पायोनियर, व्हायकिंग, मॅगेलन. कुणी दर्यावर्दी, कुणी रान तोडून वसाहत करणारा, कुणी समुद्रावरचा लुटारू, कुणी जहाजं घेऊन निघालेला कप्तान. पृथ्वीवर ज्यांच्या वारसांनी दुसऱ्याच्या जमिनीवर झेंडे रोवले त्यांचीच नावं आकाशात. नावं ठेवणारे टेबलाभोवती बसतात, आणि टेबलाभोवती बसलेल्यांना आपलेच बापजादे आठवतात. मुहूर्तही त्यांचेच. व्हायकिंग-१ हे यान ४ जुलै १९७६ ला मंगळावर उतरवायचं ठरलं होतं, कारण त्या दिवशी अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं पुरी होत होती. पण फोटोत जागा खडबडीत निघाली. मुहूर्त टळला, यान उतरलं २० जुलैला. मंगळावरच्या धोंड्यांना कुणाचा मुहूर्त कळतो?

१९९७ च्या गाडीच्या वेळी मात्र टेबल थोडं हललं. ही गाडी बांधणाऱ्या चमूचं नेतृत्व डॉना शर्ली नावाच्या इंजिनिअर बाईनं केलं होतं. प्लॅनेटरी सोसायटी आणि जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीनं मिळून नावासाठी स्पर्धा घेतली. अट अशी की नाव बाईचं हवं. जगभरातल्या अठरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींनी एखादी कर्तबगार बाई निवडायची आणि तिच्यावर निबंध लिहायचा. ३५०० निबंध आले. जुलै १९९५ मध्ये निकाल लागला. १२ वर्षांच्या एका शाळकरी अमेरिकन मुलीनं सोजर्नर ट्रुथवर लिहिलेला निबंध पहिला आला. दुसरा आला मेरी क्युरीवरचा, आणि ते नाव पृथ्वीवर चाचणीसाठी ठेवलेल्या जुळ्या गाडीला मिळालं. नोबेल मिळवलेली शास्त्रज्ञ बाई खाली राहिली आणि अक्षर न येणारी बाई मंगळावर गेली. एका शाळकरी पोरीनं केलेला हा उलटफेर. टेबलाभोवतीच्या शंभर शहाण्यांना तो सुचला नसता.

अक्षर न येणारी, हे खरं आहे. तिचं आत्मचरित्र १८५० मध्ये छापलं गेलं तेही तिनं सांगितलेलं आणि दुसरीनं लिहून घेतलेलं. ती १७९७ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात जन्मली. मालक डच होते, म्हणून तिची पहिली भाषा डच. इंग्रजी मालकाकडे विकली गेली तेव्हा तिला त्याची भाषाच कळेना, आणि कळेना म्हणून तिनं मार खाल्ला. नाव इझाबेला. आडनाव कधी बापाचं, कधी ज्याच्या घरी राहिली त्याचं. मालकानं शब्द दिला होता की कायद्याच्या एक वर्ष आधी तुला सोडतो. त्यानं शब्द फिरवला. १८२६ मध्ये एका पहाटे तान्ही मुलगी कडेवर घेऊन ती पायी चालत त्याच्या घरातून निघाली. तिचा लहान मुलगा पीटर बेकायदा विकून दक्षिणेत अलाबामाला पाठवला होता. एवढीशी ऐपत नसताना तिनं गोऱ्याविरुद्ध कोर्टात दावा लावला आणि १८२८ मध्ये जिंकून पोरगा परत आणला. १ जून १८४३ ला तिनं नवं नाव घेतलं आणि गुलामीविरुद्ध, बायकांच्या हक्कांसाठी बोलत गावोगाव फिरायला बाहेर पडली. १८६५ मध्ये वॉशिंग्टनला ट्रामगाडीत बसू देईनात, तर बसून दाखवलं. कंडक्टरनं तिला ढकलताना खांदा दुखावला, तर त्याच्यावर खटला भरला.

आणि मग तिनं जमीन मागितली. हे लक्षात ठेवा. १८७० मध्ये तिनं काँग्रेसकडे अर्ज केला की सुटलेल्या गुलामांना पश्चिमेकडे सरकारी जमीन द्या, ती कसून ही माणसं स्वतःच्या पायावर उभी राहतील. अर्जावर सह्या गोळा करत म्हातारी बाई फिरली. काँग्रेसनं काही केलं नाही. १८८३ मध्ये ती मेली. जिनं पृथ्वीवर आपल्या माणसांसाठी जमिनीचा तुकडा मागितला आणि ज्या सरकारनं तो दिला नाही, त्याच सरकारच्या संस्थेनं ११४ वर्षांनी तिचं नाव दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवर नेऊन ठेवलं. मंगळावर जमीन भरपूर आहे. तिथं कुणाला द्यायची नसते.

तारखा बघा. न्यूयॉर्क राज्यात गुलामी संपवण्याचा कायदा अमलात आला तो दिवस ४ जुलै १८२७. बरोबर १७० वर्षांनी, ४ जुलैलाच, सोजर्नर मंगळावर आदळली. अर्थात हा दिवस काही तिच्यासाठी निवडलेला नव्हता. ४ जुलै हा अमेरिकेचा झेंडावंदनाचा दिवस. १८२७ मध्ये न्यूयॉर्क शहरातल्या काळ्या लोकांनी आपली मिरवणूक काढली ती ४ ला नाही, ५ जुलैला. ४ तारखेचा रस्ता गोऱ्यांचा होता. ५ जुलै १८५२ ला फ्रेडरिक डग्लस, हाही गुलामीतून पळालेला आणि पळाल्यावर आडनाव बदललेला, न्यूयॉर्क राज्यातल्याच रॉचेस्टरला बोलायला उभा राहिला आणि गोऱ्या श्रोत्यांना त्यानं तोंडावर विचारलं की गुलामाला तुमच्या या सणाचं काय सोयरसुतक. यान उतरलं ४ जुलैला, सरकारच्या दिवशी. बाईच्या नावाची गाडी मातीत उतरली ५ जुलैला, काळ्यांच्या दिवशी. पिशवी अडकली म्हणून. योगायोगच, पण इतिहास शिकवायला असा योगायोग सापडला तर सोडू नये.

आता प्रश्न असा की या नावानं टाळ्या पिटायच्या की नाक मुरडायचं?

नाक मुरडणाऱ्यांचं आधी ऐकू, कारण त्यांच्याजवळ सत्य आहे. १५ जुलै १९६९. अपोलो-११ उडायच्या आदल्या दिवशी रेव्हरंड राल्फ ॲबरनॅथी काही शे गरीब माणसं आणि खेचरांची गाडी घेऊन केनेडी अवकाश केंद्राच्या दारात उभे राहिले. मार्टिन ल्यूथर किंगच्या खुनानंतर त्याची संघटना चालवणारा हा माणूस. नासाचे प्रमुख टॉमस पेन त्यांना भेटायला बाहेर आले. ॲबरनॅथींनी सांगितलं की या देशात पोरं उपाशी आहेत आणि पैसा चंद्राकडे चाललाय. पेन म्हणाले की उद्या बटण न दाबल्यानं गरिबी संपणार असेल तर आम्ही बटण दाबणार नाही. हुशार उत्तर. बटण न दाबून भूक जात नाही हे खरं, पण दाबूनही गेली नाही, हे पेन बोलले नाहीत.

पण ॲबरनॅथींचं पुढचं वागणं आपण विसरतो. त्यांनी अंतराळवीरांच्या सुखरूप प्रवासासाठी प्रार्थना केली. माणसाच्या या कामगिरीचा अभिमान वाटतो असं बोलून दाखवलं. आणि आपल्याबरोबरच्या गरीब कुटुंबांना उड्डाण बघायला आत घ्या, असंही मागितलं. दुसऱ्या दिवशी त्यातली माणसं आत बसून रॉकेट बघत होती. हा माणूस एका हातानं हिशेब मागत होता आणि दुसऱ्या हातानं आपल्या माणसांसाठी आकाशातला वाटाही मागत होता. मला तरी हीच भूमिका पटते. 'आपल्याला काय त्याचं' म्हणणारा दोस्त स्वतःला क्रांतिकारक समजतो. पण खरं तर तो प्रस्थापितांचंच काम करतो. आकाश त्यांचं, गटार आपलं, ही वाटणी तो सही करून मान्य करतो. आपल्या वस्तीतल्या पोरीला गुरुत्वाकर्षण कळावं, हवेच्या पिशव्या कशा फुगतात ते कळावं, आणि तिनं उद्या तसली पिशवी शिवावी, हे नळाच्या पाण्याइतकंच मागायला हवं. दोन्ही मागायचं. एकाच तोंडानं मागायचं.

टाळ्या पिटणाऱ्यांचंही ऐकू. ते म्हणतात, बघा, काळ्या बाईचा केवढा मान. बरोबर आहे, मान आहे. पण नावाचा मान आणि माणसाचा जीव ही दोन वेगळी खाती आहेत. याचा पुरावा त्याच आठवड्यात, याच मुंबईत मिळाला. सोजर्नरच्या सात दिवसांची मुदत सरत होती तेव्हा, ११ जुलै १९९७ ला सकाळी, घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलानं गोळ्या घातल्या. १० माणसं मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी आपला जीव दिला. वस्तीला रमाईचं नाव होतं. चौकात बाबासाहेबांचा पुतळा होता. नावं जिथल्या तिथं होती, आणि त्या नावांखाली माणसं मेली. म्हणून कुणी म्हणालं की नाव दिलं ना, आता गप्प बसा, तर त्याला हा आठवडा सांगा.

अमेरिकेचंही काही वेगळं नाही. नासाच्या वॉशिंग्टनच्या मुख्यालयाला २०२० मध्ये मेरी जॅक्सन यांचं नाव द्यायचं ठरलं. ही काळी इंजिनिअर बाई. नासाची ती पहिली काळी महिला इंजिनिअर. लँग्ली केंद्रात काळ्या बायकांचा गणिताचा विभाग वेगळा बसवलेला होता, तिथं तिनं काम सुरू केलं. २००५ मध्ये ती मेली. नाव पंधरा वर्षांनी आलं. युरोपच्या मंगळावर जायच्या गाडीला २०१९ मध्ये रोझलिंड फ्रँकलिनचं नाव मिळालं. डीएनएचा आकार ओळखायला जिचा क्ष-किरणांचा फोटो उपयोगी पडला, ती बाई १९५८ मध्ये ३७ व्या वर्षी मेली, आणि १९६२ चं नोबेल तीन पुरुषांनी घेतलं. आयुष्यभर बाजूला बसवायचं आणि मेल्यावर पाटीवर बसवायचं. पाटी हवीच. पण जिवंतपणी खुर्ची का नाही, हेही पाटीवर लिहा.

आणखी एक गंमत सांगतो. सोजर्नरनंतर नासानं मंगळावर ज्या गाड्या पाठवल्या त्यांची नावं बघा. २००४ मध्ये स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी. २०१२ मध्ये क्युरिऑसिटी. २०२१ मध्ये पर्सिव्हिअरन्स. उमेद, संधी, कुतूहल, चिकाटी. ही नावंही शाळकरी मुलांच्या निबंधांतूनच आली, आणि मुलांनी मनापासूनच लिहिलं. पर्सिव्हिअरन्सच्या वेळी तर २८ हजार निबंध आले. पण यांत एकही माणूस नाही. गुण आहेत नुसते. गुणाला मालक नसतो, गुण विकला जात नाही, गुण जमीन मागत नाही. 'संधी' हे नाव ऐकून कुणाच्या पोटात दुखत नाही. 'सोजर्नर ट्रुथ' म्हटलं की कुणीतरी विचारणारच, ही कोण? आणि उत्तर द्यायचं तर गुलामीचा बाजार सांगावा लागतो. सोजर्नरच्या बाबतीतही अधिकृत माहितीत 'या शब्दाचा अर्थ प्रवासी' हे आवर्जून येतं. प्रवासी तर ती होतीच. पण हौसेखातर फिरणारी नव्हती. नावातला सुखकर अर्थ ठेवायचा आणि त्यातलं भांडण गाळायचं, ही खोड सगळ्या सत्तांची सारखीच.

बरं, कुणी चांगलं केलं तर तेही सांगितलं पाहिजे. पर्सिव्हिअरन्स १८ फेब्रुवारी २०२१ ला जेझेरो विवरात उतरली. ती जागा नासाच्या चमूनं ऑक्टेव्हिया बटलर या काळ्या विज्ञानकथाकार बाईच्या नावानं ओळखायचं ठरवलं. आजूबाजूच्या दगडांना नवाहो आदिवासींच्या भाषेतली नावं दिली, आणि ती देण्याआधी नवाहो राष्ट्राच्या अध्यक्षांची परवानगी घेतली. शब्दांची यादी त्यांच्याकडून घेतली. पहिल्या दगडाचं नाव 'माझ', म्हणजे त्यांच्या भाषेत मंगळ. शब्द घ्यायलाही परवानगी लागते, हे कुणाला तरी सुचलं. शाब्बास. पण त्याच नवाहो मुलखात युरेनियमच्या पाचशेहून जास्त सोडून दिलेल्या खाणी आहेत. शीतयुद्धाच्या बाँबसाठी त्या खणल्या. खाणीत उतरलेल्या नवाहो मजुरांना किरणांचा धोका कुणी सांगितला नव्हता. आजही त्या मुलखात कितीतरी घरांत नळ नाही. शब्द विचारून घेतले. फुप्फुसं न विचारता घेतली.

आता आपल्या घरात या. आपल्याकडे नावं कशी पडतात? १९७५ मध्ये पहिला उपग्रह सोडला, तेव्हा पुढे आलेल्या नावांतून पंतप्रधान इंदिरा गांधींनी 'आर्यभट' निवडलं. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात उतरलं. इतक्या दक्षिणेला अलगद उतरणारं पहिलं यान. या कामगिरीला माझा सलाम, हातचं न राखता. तीन दिवसांनी पंतप्रधान मोदींनी बंगळुरूला जाहीर केलं की उतरल्या जागेचं नाव 'शिवशक्ती'. मार्च २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेनं त्यावर मान्यतेचा शिक्का मारला. पन्नास वर्षांत सरकारं बदलली, पण रीत बदलली नाही. नाव वरून येतं. आर्यभट, भास्कर, रोहिणी, चांद्रयान, प्रज्ञान, आदित्य, गगनयान. जवळपास सगळं संस्कृत. आकाशात जायचं तर आधी ती भाषा यायला हवी, असाच जणू नियम. चंद्र सगळ्यांचा, देश सगळ्यांचा, करही सगळ्यांचा, आणि बारसं करणारे हात मात्र ठरलेले.

आणि ज्यांच्या जमिनीवरून ही यानं उडतात ते कोण? केरळात थुंब्याला १९६३ मध्ये पहिलं रॉकेट उडालं ते मच्छीमारांच्या गावातून. त्यांनी आपलं चर्चसुद्धा देऊन टाकलं. आंध्रात श्रीहरिकोटा बेटावर यानादी आदिवासी राहत होते. तळासाठी बेट ताब्यात घेतलं तेव्हा त्यांना तिथून उठवलं. पन्नास वर्षं झाली, एकाही यानाला यानादींचं नाव नाही. च्यायला, शब्दातच 'यान' आहे, तरी कुणाला सुचलं नाही!

असं नाही की दुसरी रीत नसतेच. मंगळावरच्या विवरांचा नियम बघा. मोठी विवरं मेलेल्या शास्त्रज्ञांना, आणि लहान विवरं लहान गावांना. लाखाच्या आतली वस्ती असलेलं जगातलं कुठलंही गाव. या नियमानं आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार मंगळावर गेलंय. राजधानीला जे जमत नाही ते तालुक्याच्या गावाला जमतं, कारण नियमच तसा केलाय. नियम माणसं करतात. दुसरेही करता येतील.

मित्रांनो, नावं समुद्र ओलांडतात हे आपल्याला नवीन नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेत काळ्यांना गुलामीतून सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केली, तेव्हा सोजर्नर ट्रुथ जिवंत होती. १९६६ मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर निघाली आणि १९७२ मध्ये मुंबईच्या पोरांनी त्या नावातला अर्धा शब्द घेऊन अर्धा आपला जोडला. कुणाची परवानगी काढायला गेले नाहीत. सोजर्नरनंही काढली नव्हती. म्हणून मंगळावरच्या त्या साडेदहा किलोच्या गाडीशी आपलं नातं आहे. ते कुणी दिलेलं नाही, आपलंच आहे.

तेव्हा मागणी स्पष्ट करू. यापुढे या देशाचं कुठलंही यान दुसऱ्या ग्रहावर जाईल तेव्हा त्याचं नाव मुलांनी ठेवावं. महानगरपालिकेच्या शाळेतल्या, जिल्हा परिषदेच्या, आश्रमशाळेतल्या मुलांनी. निबंध ज्या भाषेत घरी बोलतात त्या भाषेत. गोंडीत, भिलीत, कोकणीत, दखनीत, आपल्या वऱ्हाडी-अहिराणीत. निवडलेला निबंध पुरा छापावा, त्यातला एक सुखकर शब्द उचलून बाकीचा टाकून देऊ नये. आणि नाव ज्याचं, त्याची अपुरी राहिलेली मागणी काय होती ती त्याच कागदावर लिहावी. जमीन असेल तर जमीन. पाणी असेल तर पाणी.

सरकार हे लगेच ऐकणार नाही. म्हणून सुरुवात आपण करायची. आपापल्या वस्तीतल्या अभ्यासिकेत पोरापोरींना बोलवा. छत्री, पिशव्या, दोरी, रॉकेट, सगळं फळ्यावर काढून समजावा. मग विचारा, तुझ्या यानाचं नाव काय? कारण काय? पोरं जे लिहून देतील ते आमच्याकडे पाठवा. आम्ही छापू.